साखळीचं दुसरं टोक

ती बाई मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती अंगणात बसून चांदीची साखळी ओढत होती, आणि साखळीचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नव्हतं.

टोक हवेत होतं. तरी साखळी ढिली पडत नव्हती. छान ताणलेली होती आणि बाई तिच्यावरून बोट फिरवत एकेक कडी तपासत होती. मध्येच समोर बघून हसायची. अंगणात कोवळं ऊन होतं, ते कलायचं, पुन्हा यायचं. कुंपणाजवळच्या शेवग्याला फुलं आली, शेंगा लागल्या, परत फुलं आली. बाईचे केस पिकले, विरळ झाले, पाठीला बाक आला, पण साखळी ओढणं चालूच. मग एका सकाळी तिने उन्हात बसल्या बसल्या डोळे मिटले आणि साखळी सावकाश, पीस उतरावं तशी जमिनीवर आली.

पडदा पांढरा झाला. मी चहाचा कप हातात धरून तशीच बसून राहिले. आमच्या धंद्यात इतकं सुंदर मरण क्वचितच बघायला मिळतं.

धंदा म्हणजे विमा. कोल्हापुरात एका विमा कंपनीच्या कार्यालयात मी लोकांच्या एक्सेल शीट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवते. जग कुठल्या कुठे गेलं, माणसं चंद्रावर बटाटे लावायच्या गोष्टी करू लागली, पण साखर कारखाना असो नाहीतर भजनी मंडळ, सभासदांची माहिती अजून एक्सेलमध्येच असते. आणि ती कशी असते म्हणाल? जन्मतारखेच्या रकान्यात 'मोठ्या पुरात' लिहिलेलं असतं. वजनाच्या रकान्यात 'मध्यम'. व्यसनाच्या रकान्यात 'सोडलंय म्हणतो'. हे सगळं यंत्राला समजेल अशा बेतानं लावून द्यायचं, हे माझं काम. लोकांना ते रुक्ष वाटतं. मला कधी वाटलं नाही, कारण त्यानंतर जे होतं ते मी रोज बघते.

पूर्वी विमा कंपन्या कोष्टकं बघायच्या. तुमच्या वयाच्या हजार माणसांतली यंदा किती जातील एवढं कोष्टक सांगायचं, पण त्यांत तुम्ही आहात का, हे त्याला माहीत नसायचं. आता आलीय ती 'पुढचाल'. शीटमधली तुमची ओळ आणि तुमच्या मनगटावरच्या पट्टीतली नोंद एकत्र करून यंत्र एक माणूस उभा करतं. नाडी, झोप, श्वास, चालणं, आसपास कुणाची दुसरी पट्टी असते का, हे सगळं पट्टीला कळत असतं. मग यंत्र त्या माणसाला पुढचं आयुष्य जगायला लावतं. एकदा नाही, हजारो वेळा. एका आयुष्यात त्याचा पाय जिन्यावर घसरतो, दुसऱ्यात घसरत नाही. एकात तो गोळी विसरतो, दुसऱ्यात बायको आठवण करते. शेवटी या सगळ्यांत जे जास्तीत जास्त वेळा घडलं, ते शिवून यंत्र दोन-चार मिनिटांची चित्रफीत बनवतं. तिला आम्ही झलक म्हणतो.

झलक एका जिवंत माणसाने शेवटपर्यंत पाहून सही केल्याशिवाय कुठलाही अर्ज घेता येत नाही किंवा नाकारता येत नाही, असा कायदा आहे. यंत्राचं काही चुकलं तर माणसाला ते दिसावं म्हणून. सोबत दोन बंधनं आहेत. ज्याची झलक त्याला दाखवायची नाही, आणि आपल्या नात्यातल्या माणसाची झलक आपण बघायची नाही.

या नोकरीनं मला एक खोड लागली आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले की भेळ खाणारी माणसं मला पुढे सरकताना दिसतात. पोरगी हसता हसता आजी होते, तिच्या शेजारचा मुलगा टकला होतो, पाण्यावरचा उजेड हलतो आणि ती दोघं परत तरुण होऊन भेळ खात बसलेली असतात. मला ते आवडतं. कुणाचं वाईट दिसलं तर मी पाण्याकडे बघते.

तर ती बाई. सही करण्याआधी नाव बघावं म्हणून मी तिची ओळ उघडली आणि हातातला कप खाली ठेवला.

रुपेवाडी चांदी कारागीर सोसायटी. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जिनमती नेजकर शालन मगदूम'.

जिनमती नेजकर माझी आई आहे.

माझ्या नातेवाइकांच्या ओळी सॉफ्टवेअर आपोआप शेजारच्या टेबलावर इरफानकडे वळवतं. ही ओळ वळली नाही, कारण या नावाची बाई माझी कुणी लागत नव्हती. या नावाची बाईच नव्हती. त्या दोघी होत्या, माझी आई आणि समोरच्या घरातली शालनमावशी, नात्यानं माझी कुणी नसलेली. शीट चढवताना यंत्रानं मला विचारलंही होतं, 'एका ओळीत दोन पट्ट्या सापडल्या. सरासरी घ्यायची?' लोक जुनी पट्टी बिघडली की नवी घेतात, त्यामुळे हा प्रश्न रोजच येतो. मी रोजच्यासारखं 'हो' म्हटलं होतं. मग यंत्रानं दोघींचे फोटो एकात मिसळले, दोघींच्या नाड्या एकात मिसळल्या. एकीचं थकलेलं हृदय दुसरीच्या धडधाकट हृदयात झाकून गेलं. एक झोपलेली असताना दुसरी जागी होती म्हणून यंत्राला वाटलं, ही बाई कधी पूर्ण झोपतच नाही, हिच्यावर कायम कुणाचा तरी डोळा आहे. आणि कामाच्या रकान्यात 'दोन्ही टोकं धरून ताण घेणे' असं लिहिलेलं असल्यामुळे त्यानं दुसरं टोक हवेत धरून ठेवलं होतं.

मी सोसायटीचे सेक्रेटरी भूपालअण्णांना फोन लावला.

"अण्णा, आईची आणि शालनमावशीची नावं एका ओळीत कशी?"

"आवं ताई, जोडकाम हाय न्हवं ते," अण्णा म्हणाले. "पैंजण कधी एक विकतंय का कोण? दोघी मिळून एक जोड. हजेरी एका ओळीत लावायची. पहिल्यापासनं तसंच चालत आलंय."

"पण त्या दोघी आता एकत्र बसत नाहीत. बोलतसुद्धा नाहीत."

"ते मला ठावं हाय. गावाला ठावं हाय." अण्णांनी आवाज खाली आणला. "मी काय करतो, गेल्या सालची फाईल उघडतो, साल बदलतो, पाठवून देतो. तेवढी एक ओळ तोडायला गेलो हुतो मागं. हात वळला न्हाई बघा. तुम्ही शिकलेल्या हाय, तुम्ही तोडा."

आमच्या रुपेवाडीत पैंजणाची साखळी दोन बायका करतात. एक कड्या गुंफते, दुसरी त्यांना डाख देऊन सांधते, आणि साखळी पुरी झाली की दोघी दोन टोकं धरून हलकेच ओढतात. त्याला ताण घेणं म्हणतात. कच्ची कडी असेल तर तिथे सुटते. फार ओढलं तर चांगलीही सुटते, म्हणून समोरचीच्या हाताचा अंदाज लागतो, आणि तो यायला वर्षं जातात. माझं सगळं लहानपण आमच्या अंगणात या दोघींच्या मधल्या साखळीखालून रांगण्यात आणि पुढे वाकून जाण्यात गेलं. मला ताप आला की कुणाचा हात कपाळावर आहे हे बघायला मी डोळे उघडत नसे. दोघींच्या बोटांना सारखाच वास यायचा.

मग शालनमावशीच्या मुलानं साखळी विणायचं यंत्र आणलं आणि मावशी त्याच्यावर बसायला लागली. आई भर गल्लीत म्हणाली, "यंत्राच्या पैंजणाला आवाज हाय, पर बोलणं न्हाई." मावशी म्हणाली, "मग बस तू एकटीच बोलत." झालं. गल्ली तीच, घरं समोरासमोर, पण त्या दिवसापासून आई साखळीचं दुसरं टोक भिंतीतल्या खुंटीला अडकवून ओढते.

आता गोष्ट एवढीच असती तर मी ओळ तोडून मोकळी झाले असते. पण आईच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि सोसायटीच्या सामूहिक विम्यात तिचं नाव या खेपेला टिकलं तरच ते होणार होतं. महिनाअखेरीला मुदत संपत होती.

मी ओळ तोडली. शालनमावशीची ओळ वेगळी झाली, तिच्या घरात मुलगा, सून, नातवंडं, तिचा अर्ज बसल्या बैठकीत मंजूर झाला. आईची ओळ इरफानकडे गेली. दुपारी तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. इरफान मुजावर बडबड्या माणूस आहे. तो गप्प उभा राहिला तेव्हाच मला कळलं.

"नाकारला?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. "सही अजून केली नाही, पद्मजाताई. पण करावी लागेल."

"हृदयामुळे?"

"नाही हो. झडप बदलली जाते, यंत्राला त्याची भीती नाही. यंत्राला भीती आहे ती नंतरची." तो खाली बघून बोलत होता. "ऑपरेशननंतर कधीतरी दुपारी त्यांना अस्वस्थ वाटतं. लगेच कुणी उठवलं, पाणी दिलं, दवाखान्यात नेलं तर काही होत नाही. पण घरात कुणी नसतं. बहुतेक सगळ्या आयुष्यांत कुणी नसतं. तुम्ही रविवारी येता. पिशवी घेऊन येता आणि दार..."

"पुरे, इरफान."

"सांगायला नको होतं मी."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर माणसं चालली होती, आणि मला त्यांच्यातलं कुणीही पुढे सरकताना दिसेना. मला फक्त एक पिशवी दिसत होती. त्या पिशवीत काय असेल हेही मला माहीत होतं. आईला आवडतात म्हणून मी दर रविवारी खारी बिस्किटं नेते.

"ओळ पुन्हा जोडली तर?" मी विचारलं. "त्या एका बाईचा अर्ज तर मंजूर होत होता."

"दवाखान्याच्या दारातच मनगट वाचतात, ताई. एका पॉलिसीवर दोन मनगटं निघाली की दोघींचंही जाईल."

खरं होतं ते. मला ठाऊक होतं, तरी विचारलं. एकच वाट होती, तिला आम्ही फेरचाल म्हणतो. मुदतीच्या आत अर्जदाराच्या जगण्यात खरोखर काही बदललं, तर यंत्र पुन्हा एकदा चालवता येतं. बदल शीटमध्ये लिहून भागत नाही. तो पट्टीत दिसावा लागतो.

मी आईला फोन केला. "आई, तू माझ्याकडे राहायला ये."

"तितं अंगण न्हाई," आई म्हणाली.

"मग मी तिकडे येते."

"किती दिस?"

मी मनात उरलेल्या रजा मोजू लागले. आईनंच विषय बदलून शेवग्याला शेंगा किती लागल्यात ते सांगितलं. ती बोलत असताना मध्ये मध्ये थांबत होती. तो श्वास मला ऐकू येत होता.

फोन ठेवल्यावर मी एक गोष्ट केली, जी केल्याबद्दल माझी नोकरी जाऊ शकते. त्या नसलेल्या बाईची झलक माझ्या यंत्रावर अजून होती. ती मी मोबाइलवर घेतली. पहिलं बंधन आठवून मी स्वतःशीच युक्तिवाद केला, की ज्याची झलक त्याला दाखवायची नाही हे ठीक, पण ही झलक कुणाचीच नाही. खरं सांगायचं तर मी त्या झलकीच्या प्रेमात पडले होते. शेवगा फुलतोय, ऊन येतंय जातंय, आई म्हातारी होतेय आणि हसतेय. दोघी मिळून एक झाल्यावर किती छान जगाल ते बघा, असं मला दाखवायचं होतं.

सकाळी मी रुपेवाडीला पोचले तेव्हा आई अंगणातच होती. खुंटीला साखळी अडकवलेली, हातात चिमटा.

"आज रविवार न्हाई," आई म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही. तुला एक गंमत दाखवायची आहे. यंत्रानं बनवलेली."

मी तिच्या शेजारी बसले आणि मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पदरानं चष्मा पुसला. पडद्यावर अंगण उजळलं, बाई साखळी ओढू लागली. आई पुढे वाकली आणि मी वाट बघत राहिले की आता ही स्वतःला ओळखेल.

"ही तर शालन," आई म्हणाली.

मी पडद्याकडे पुन्हा नीट बघितलं.

"शालनच. हसती बघ कशी, वरचा दात दाखवून. बोट बघ, अंगठ्यापाशी दाबून बघायची सवय तिची. मी सांगायचो, कडीला चिमटा लाव, अंगठा नगो." आई हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. "कुणाबरोबर हसती ही? समोर तर कोण न्हाई."

शेवग्याला फुलं आली, शेंगा लागल्या.

"ल्योक कुठाय हिचा? सून कुठाय? केस पिकलं की गं सगळं. आणि अजून एकटीच वढती." आई मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली. "ते टोक कशाला लावलंय? खुंटी पण दिसंना. असं कसं वढती ही, पडंल की."

मग ती सकाळ आली. बाईनं डोळे मिटले. साखळी सावकाश जमिनीवर आली.

आईनं पांढऱ्या पडद्यावरून बोट फिरवलं.

"साखळी खाली पडली," ती म्हणाली, "आणि कुणी उचलली न्हाई."

मला जे सुंदर वाटलं होतं ते हेच होतं. मी ते चहा पीत बघितलं होतं आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं की हिच्याजवळ कुणी का नाही. मला स्वतःची लाज वाटली. मी तोंड उघडलं, ही बाई निम्मी तू आहेस असं सांगायला. पण आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिच्या स्वतःसाठी नव्हतं. मी मोबाइल काढून घेतला.

आई उठली, दम लागला म्हणून खांबाला धरून उभी राहिली, मग आत जाऊन भांडी आपटू लागली. "जेवून जा," आतून आवाज आला.

मी चपला घातल्या आणि गल्ली ओलांडली.

शालनमावशीच्या पडवीत यंत्र चालू होतं. एका बाजूनं तार आत जात होती, दुसऱ्या बाजूनं साखळी घरंगळत परातीत पडत होती. मावशी नुसती शेजारी बसून होती. तिला करायला काही नव्हतं, तार संपली की नवी लावायची एवढंच.

"आलीस व्हय बाय," ती म्हणाली. "तुझी आई बरी हाय न्हवं?"

"तू का विचारत नाहीस तिलाच?"

"ती सांगंल व्हय?"

मी तिलाही झलक दाखवली. काही न सांगता. मावशीनं पहिल्या क्षणाला ओळखलं.

"जिनमती." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "मान बघ की. कडी बघायची म्हटली की अश्शी वाकडी करती. मी चिडवायचो तिला, कोंबडी दाणं बघती म्हणून."

यंत्राचा आवाज चालू होता. मावशी बघत होती. बाईचे केस पिकले तशी तिनं ओठ मिटून घेतले.

"तू न्हाईस का हिच्याजवळ?" तिनं विचारलं.

"मी रविवारी जाते, मावशी."

"आणि बाकीचं दिस?" मग तीच म्हणाली, "मला दिसतंय की. रोज दिसतंय हितनं. खुंटीला बांधून वढती. ताण कुठला येतोय खुंटीला? खुंटीला हात असतोय का?" पडदा पांढरा झाला. "हितं तर खुंटी पण न्हाई तिला."

तिनं हात लांब करून यंत्र बंद केलं. पडवीत इतकी शांतता झाली की परातीतली शेवटची कडी खाली बसलेली ऐकू आली. मावशीनं चपला घातल्या, मग काढल्या, आणि अनवाणीच उंबऱ्यात उभी राहिली.

"बोलंल ती माझ्याशी?"

"मला नाही माहीत."

"न का बोलंना," मावशी म्हणाली. "साखळी वढायला तोंड लागत न्हाई."

आई बाहेर आली होती. सकाळीच लख्ख झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती, आणि झाडता झाडता गल्लीच्या अर्ध्यापर्यंत आली होती. मावशीला बघून तिचा खराटा थांबला.

"तुला बरं न्हाई व्हय गं?" आईनं विचारलं.

"मला काय धाड भरलीया?" मावशी म्हणाली. "तुझंच विचारायला आलोय."

"मी बरी हाय."

"दिसतंय की. दम खात झाडतीयास ते."

आपण दुसरीची कीव करायला आलोय, अशी दोघींची खात्री होती. मावशी पुढे झाली, आईच्या हातातला खराटा तिनं काढून भिंतीला लावला आणि सरळ अंगणात जाऊन खुंटीवरचं टोक सोडवून घेतलं. आई समोर बसली. तिनं साखळी उचलली, मान वाकडी केली, आणि हलकेच ओढली.

मधोमध एक कडी सुटली.

"बघ," मावशी म्हणाली. "खुंटीला कळलं असतं का?"

आई हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली आणि मावशी साखळी मांडीवर ठेवून तिची पाठ चोळू लागली. मी त्या दोघींच्या मधून, आता तिथे साखळी नव्हती तरी सवयीनं वाकून, आत पाणी आणायला गेले.

पुढचे दिवस मी कार्यालयातून आईच्या पट्टीची नोंद बघत होते. नाडी, श्वास, आणि खाली एक रेघ. ती रेघ म्हणजे जवळपास असलेली दुसरी पट्टी. सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत तुटायची नाही. शालनमावशीनं यंत्रावर सुनेला बसवलं होतं. एक दिवस रेघ दुपारीच तुटली. फोन केला तर कळलं, दोघींचं कशावरून तरी वाजलं होतं आणि मावशी तणतणत घरी गेली होती. संध्याकाळी रेघ परत आली.

फेरचालीसाठी मी आईची ओळ पुन्हा चढवली. 'घरातील आधार' या रकान्यात पती, मुलगा, मुलगी, सून असे पर्याय होते. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'जोड'. यंत्र म्हणालं, 'अर्थ माहीत नाही. रिकामं ठेवायचं?' मी 'नाही' म्हटलं. इतक्या वर्षांत यंत्राला मी इतक्या ठामपणे कधी उत्तर दिलं नव्हतं.

ओळ इरफानकडे गेली. तो झलक बघायच्या खोलीत गेला आणि दार लोटलं गेलं. मी टेबलावरच्या पेन्सिली नीट लावल्या. आणखी कुणाची तरी शीट उघडली, एका बँड पथकाची. त्यांनी रक्तगटाच्या रकान्यात वाद्यं लिहिली होती. एरवी मी हसले असते.

इरफान बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते.

"सही केलीये," तो म्हणाला. "मंजूर आहे, ताई. ऑपरेशनची तारीख घ्या."

मला एकदम रडू कोसळलं. इरफाननं माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि तो दुसरीकडे बघत उभा राहिला. जरा सावरल्यावर मी म्हटलं, "एक विचारू?"

"झलकीबद्दल नका विचारू. मागच्या वेळी बोललो ते अजून खातंय मला."

"किती वर्षं ते नाही विचारत. कसं तेही नाही. फक्त शेवट. साखळी खाली पडते का?"

इरफाननं उजवा हात पुढे केला, चिमटीत काहीतरी नाजूक धरल्यासारखा, आणि डाव्या हाताच्या ओंजळीत ते अलगद उतरवून घेतलं.

"नाही पडत," तो म्हणाला.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. आवाज शालनमावशीचा होता.

"तुझ्या आईचे हात गुतल्यात गं. आणि माझा बी एकच मोकळा हाय. लौकर सांग."

"आईचं ऑपरेशन होणार, मावशी. मंजूर झालं."

मग मावशीचा आवाज फोनपासून लांब गेला. "ए जिनमती, झालं गं मंजूर. न्हाई, न्हाई, तू सोडू नगंस. आधी ह्यो ताण पुरा होऊ दे."